तक्रार घेऊन आलेल्याला आधी तारीख द्या

वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात पॅकिंग विभागाचे नुकतेच सुपरवायझर झालेल्या एकांनी विचारलंय: "आठ वर्षं याच लाइनवर ऑपरेटर होतो. आता तीसेक माणसं हाताखाली आहेत, त्यांतली निम्मी कंत्राटी. महिन्याभरात तीन तक्रारी आल्या. एकाचा नाइट शिफ्टचा ओव्हरटाइम पगारात लागला नाही. चतुर्थीच्या रजेवरून दोघांत जुंपली आहे. आणि एका मुलीने लाइनवरच्या मेकॅनिकच्या वागण्याबद्दल सांगितलं, पण 'कुणाला सांगू नका' म्हणाली. मॅनेजर म्हणतात, तुमच्या पातळीवर मिटवा. एचआर म्हणतं, लेखी आणा. मी काय करू?"

तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या जातीच्या आहेत, त्यामुळे तिन्हींना एकच औषध चालणार नाही. एकीचं उत्तर तुम्हाला शोधून आणायचंय, दुसरीचं तुम्हीच द्यायचंय आणि तिसरीचं उत्तर देण्याचा तुम्हाला अधिकारच नाही. मात्र तिघांनाही पहिल्याच दिवशी एक गोष्ट कळायला हवी: आपल्याला उत्तर कधी मिळणार. गोव्यातल्या कारखान्यांत कार्मिक विभागाचं काम मी बरीच वर्षं केलं. लेबर कमिशनरच्या कचेरीपर्यंत गेलेली भांडणं उलगडत मागे गेलं की बहुतेकदा एकच गोष्ट हाती लागायची. सुपरवायझर "बघतो" म्हणाला होता आणि पुढे कुणीच काही बघितलं नव्हतं. स्पष्ट नकार मिळालेला माणूस चिडतो, दोन दिवस अबोला धरतो आणि कामाला लागतो. लटकत ठेवलेला माणूस मात्र रोज कॅन्टीनच्या टेबलावर तेच सांगत राहतो, आणि पंधरा दिवसांत ती सगळ्या शिफ्टची तक्रार होते.

हा काही माझ्या एकट्याचा शोध नाही. १९५८ साली मालक, कामगार संघटना आणि सरकार यांनी मिळून औद्योगिक शिस्तीची संहिता स्वीकारली. तिच्याबरोबर तक्रार निवारणाची जी नमुना पद्धत आली, तिची पहिलीच पायरी अशी आहे: कामगाराने नेमलेल्या अधिकाऱ्याला तोंडी सांगायचं आणि त्याने ४८ तासांत उत्तर द्यायचं. ते पटलं नाही तर विभागप्रमुख, त्याला ३ दिवस. मग तक्रार समिती, तिने ७ दिवसांत शिफारस करायची. त्यानंतर व्यवस्थापनाचा निर्णय, आणखी ३ दिवसांत. म्हणजे तुमच्या एचआरचं "लेखी आणा" हे पहिल्या पायरीवर चुकीचं आहे. लाइनवरचा माणूस अर्ज लिहायला बसत नाही. तो तोंडी सांगतो. लिहून ठेवायचं काम तुमचं.

आता कायद्याचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेनुसार २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असायलाच हवी. सदस्य जास्तीत जास्त दहा, मालकाचे आणि कामगारांचे निम्मे निम्मे, आणि कामगारांत स्त्रिया ज्या प्रमाणात असतील त्या प्रमाणात समितीत त्यांना जागा. कारण घडल्यापासून एका वर्षात कामगार समितीकडे अर्ज करू शकतो आणि समितीने ३० दिवसांत काम पुरं करायचं असतं. तिथेही समाधान झालं नाही तर ६० दिवसांच्या आत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. आपल्याकडे बहुतेकांच्या तोंडी याला एकच नाव असतं, "लेबर कमिशनरकडे जाणं". तुमच्या कारखान्याच्या समितीत सध्या कोण कोण आहे, ते आधी माहीत करून घ्या. हे सुपरवायझरलाच ठाऊक नसतं, असं मी फार ठिकाणी पाहिलंय. आणि एक गोष्ट स्वतःसाठीही लक्षात ठेवा: देखरेखीचं काम करणाऱ्याचा पगार महिना १८,००० रुपयांच्या वर गेला की या संहितेच्या व्याख्येत तो "कामगार" राहत नाही. म्हणजे ही समिती तुमच्या माणसांसाठी आहे, बहुधा तुमच्यासाठी नाही.

माणूस येतो तेव्हा तो क्वचितच सोयीच्या वेळी येतो. गोळ्यांच्या पट्ट्या बनवणारं ब्लिस्टर मशीन अडकलेलं असतं, दर्जा तपासणारा क्यूएवाला उभा असतो, आणि हा येऊन म्हणतो, "जरा बोलायचं होतं." मशीनपाशी उभ्याउभ्या ऐकू नका आणि "नंतर ये" असंही म्हणू नका. वेळ सांगा: "चहाच्या सुट्टीत साडेदहाला माझ्या टेबलापाशी ये." आणि साडेदहाला तिथे असा. बोलू लागला की मधे तोडू नका. तुम्ही आठ वर्षं तिथेच होतात, त्यामुळे पहिल्या वाक्यातच तुम्हाला सगळं कळल्यासारखं वाटेल. तरी थांबा. ओव्हरटाइमची तक्रार घेऊन आलेल्याचं खरं दुखणं पुष्कळदा शेवटच्या वाक्यात बाहेर येतं, की ओव्हरटाइमला नेहमी त्यालाच थांबवलं जातं. बोलून झालं की एवढंच विचारा: "मग काय झालं म्हणजे तुझं समाधान होईल?" पुष्कळदा मागणी तुमच्या अंदाजापेक्षा लहान निघते.

मग त्याच्यासमोरच वहीत टिपा. मी सुपरवायझरांना असं टिपायला सांगायचो: "मंगळवार, पहिली शिफ्ट. म्हणणं: १२ तारखेच्या रात्रीचे चार तास पगारात नाहीत. हवंय: चार तासांचे पैसे. बघायचं: ओटी (ओव्हरटाइम) स्लिप, पंचिंग (येण्याजाण्याची नोंद), पगारपत्रक. उत्तर: गुरुवारी सुट्टीत." त्याला वाचून दाखवा. "असंच ना?" असं विचारा. चुकलं असेल तर तो तिथेच दुरुस्त करेल. त्यात तुमचं मत लिहू नका. "नेहमीचा कटकट्या" असले शेरे तर मुळीच नकोत; ती वही उद्या समितीसमोर जाऊ शकते.

तुमची ओव्हरटाइमची तक्रार जरा सविस्तर घेतो, कारण अशा तक्रारीत माणूस खोटं बोलतोय असं वरच्यांना लगेच वाटतं आणि यंत्र खरं वाटतं. आधी स्वतःचं घर तपासा: त्या रात्रीच्या ओटी स्लिपवर शिफ्टच्या सुपरवायझरची सही आहे का, आणि स्लिप टाइम ऑफिसला पोचली का. ती असेल तर पंचिंगचा कच्चा रिपोर्ट मागा, महिन्याचा गोषवारा नव्हे. रात्रपाळीची गंमत अशी की माणूस १२ तारखेला रात्री दहाला आत येतो आणि १३ तारखेला बाहेर पडतो. आदल्या दिवसाचा पंच सकाळी किती वाजेपर्यंत धरायचा, याची एक मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये घातलेली असते. समजा ती नऊची आहे. सकाळी सहाला सुटायचा माणूस बदली न आल्यामुळे आठपर्यंत थांबला, तर दोन तास बरोबर लागतात. दहापर्यंत थांबला तर तो पंच १३ तारखेचा "आत" म्हणून धरला जातो, आदल्या रात्रीचा "बाहेर" सापडत नाही, आणि चारही तास गायब होतात. म्हणजे कमी थांबला तर पैसे मिळतात, जास्त थांबला तर नाहीत. अशा वेळी कामगार "कधी लागतो, कधी लागत नाही" म्हणतो आणि एचआरला ती बनवाबनवी वाटते. म्हणून त्याला नुसतं "लागला नाही का?" असं विचारू नका. कुठल्या दिवशी किती वाजता सुटलास, ते विचारा. जे दिवस लागले आणि जे लागले नाहीत, त्यांच्या सुटण्याच्या वेळा शेजारी शेजारी लिहिल्या की चित्र स्पष्ट होतं.

चूक कंपनीची निघाली तर त्याच कारणाने आणखी कुणाचे तास बुडालेत का ते शोधा आणि त्यांनी मागायच्या आधी द्यायला लावा. तुमच्याबद्दलचा विश्वास इथे तयार होतो. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो. जुन्या कारखाने कायद्यातही तसंच होतं आणि नव्या संहितेतही तसंच आहे. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला हवा. तेव्हा "पुढे कधीतरी ॲडजस्ट करू" हे उत्तर घेऊन लाइनवर परत जाऊ नका. कुठल्या पगारात, किती रक्कम, ते अकाउंट्सकडून घेऊन मगच जा. आणि चूक कामगाराची निघाली, समजा त्याने त्या तासांची बदली सुट्टी आधीच घेतलेली निघाली, तर कागद त्याच्यासमोर ठेवून दाखवा. चारचौघांत नाही. गुरुवारी काहीच हाती आलं नसेल तरी गुरुवारी भेटा आणि सांगा: "रिपोर्ट अजून आलेला नाही, सोमवारी सांगतो." उत्तर नाही म्हणून तोंड चुकवलं तर पहिल्या दिवशी दिलेल्या तारखेची किंमत संपली.

चतुर्थीच्या रजेत तपास करण्यासारखं काही नाही, तिथे निवाडा करायचाय. आणि तो मॅनेजरवर ढकलू नका. रोजचा रोस्टर तुमच्या हातात आहे. गोव्यात या रजेला जे वजन आहे, ते बाहेरून आलेल्या प्लांट हेडला सांगूनही कळेल असं नाही. पेडणे, डिचोली, सत्तरीचा माणूस चतुर्थीला मूळ घरी गेलाच पाहिजे. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचं, सामान जमवायचं असतं, मुंबई-पुण्याचे भाऊ आलेले असतात. कुणाकडे दीड दिवस, कुणाकडे पाच, कुणाकडे सात. अनेक घराण्यांत खर्चाची आणि पूजेची पाळी भावाभावांत फिरते. यंदा ज्याची पाळी आहे, त्याला एक दिवसाची रजा पुरणार नाही. सगळ्यांना सोडता येत नाही हे तर उघडच आहे, लाइन चालवायची आहे. "दर वर्षी त्यालाच मिळते" ही तक्रार खरी की खोटी, हे तुम्ही आज सांगू शकता का? बहुधा नाही, कारण गेल्या वर्षी कुणाला किती दिवस दिले, ते कुठे एका कागदावर नसतं. पहिलं काम तेच. गेल्या तीन वर्षांच्या हजेरीपटातून चतुर्थीच्या आठवड्यात कोण रजेवर होतं, ते काढा आणि भांडणाऱ्या दोघांनाही दाखवा. मग नियम ठरवा. गेल्या वर्षी ज्याला नकार मिळाला तो यंदा आधी. घरची पाळी ज्याच्याकडे आहे त्याला जास्त दिवस, पण मग पुढच्या वर्षी तो मागे. नियम ठरवताना लाइनवरच्या दोनतीन जुन्या माणसांना बसवा, युनियनचा प्रतिनिधी असेल तर त्यालाही. यादी दीड महिना आधी नोटीस बोर्डावर लावा, म्हणजे अदलाबदल करायला वेळ राहतो.

यातच आणखी एक तक्रार दडलेली असते आणि ती कुणी मोठ्याने बोलत नाही. चतुर्थीला ख्रिश्चन सहकारी लाइन सांभाळतात आणि ३ डिसेंबरचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त (सण), नाताळ आला की हिंदू त्यांची पाळी सांभाळतात. ही आपली जुनी आणि फार चांगली रीत आहे. पण ती त्यांनी आपखुशीने केलेली असते, रोस्टरने गृहीत धरलेली नव्हे. त्यांना दर वर्षी न विचारता चतुर्थीच्या सगळ्या शिफ्ट लावल्या आणि नाताळात मात्र "कामाचा लोड आहे" म्हणून रजा कापली, तर ते भांडणार नाहीत, पण मनातून उतराल. विचारा, आणि बदल्यात काय मिळेल ते त्याच यादीत लिहा.

रजा नाकारलीत तर तो नकार लेखी द्या. यात कामगाराचा हिशेबी फायदा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. भरपगारी रजा साधारणपणे ३० दिवसांपर्यंतच पुढे नेता येते; पण मागितलेली आणि नाकारलेली रजा या मर्यादेत मोजत नाहीत, ती कितीही साठू शकते. जुन्या कायद्यात हे होतं, नव्यातही आहे. तोंडी "जमणार नाही रे" म्हटलं की त्याच्याकडे पुरावा राहत नाही.

आता तिसरी तक्रार. इथे तुम्ही मिटवायला जाऊ नका. मॅनेजरने सांगितलं तरी नाही. मेकॅनिकला बाजूला घेऊन समज देणं, दोघांना समोरासमोर बसवणं, तिची लाइन बदलणं, "नेमकं काय केलं त्याने?" असं खोदून विचारणं, साक्षीदार शोधणं, यांतलं काहीही नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असते. तिची अध्यक्ष वरच्या पदावरची स्त्री असते, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा असतो. चौकशी करण्याचा अधिकार त्या समितीचा आहे. ती मुलगी कंत्राटी असली तरी कायदा तिला लागू होतो.

तुम्ही तिला असं सांगू शकता: "तू सांगितलंस ते बरं केलंस. मी लाइनवर कुणाशी बोलणार नाही. पण याचा निर्णय मी करू शकत नाही, त्यासाठी समिती आहे, तिच्या बाईंचं नाव आणि नंबर हा. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची असते. लिहायला जमत नसेल तर समितीच्या सदस्यांनी लिहायला मदत करायची, असं कायदाच सांगतो." तारखेचं भान तिला द्याच. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्यावर विसंबू नये. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, हेही सांगा. तिला वाटत असतं की हे वर्षानुवर्षं चालेल. "कुणाला सांगू नका" म्हणाली म्हणून तुम्ही कायम गप्प राहाल असं वचन मात्र देऊ नका. तिला कळू द्या की समितीच्या अध्यक्षांशी तुम्ही पुढे काय करायचं हे विचाराल, आणि तिचं नाव तिच्या संमतीनेच घ्याल. दरम्यान रात्रीच्या शिफ्टला तो मेकॅनिक आणि ती एकट्याने एका ठिकाणी येणार नाहीत, एवढा रोस्टर तुम्ही गाजावाजा न करता जमवू शकता. हलवायचंच तर त्याला हलवा. तिला हलवलंत तर तक्रार करण्याची शिक्षा तिलाच मिळाली, असंच सगळ्यांना दिसेल.

हे शेवटचं तिन्ही तक्रारींना लागू आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ ची १३० क्रमांकाची शिफारस नेमकं हेच म्हणते, की तक्रार केल्याबद्दल कामगाराचं कुठलंही नुकसान होता कामा नये. बदला घ्यायचं तुमच्या मनात नसेलच. पण तक्रारीनंतर आठवड्याभरात त्याला जड कार्टन उचलायच्या जागी टाकलंत किंवा सलग दोन आठवडे रात्रपाळी लावलीत, तर कारण कितीही खरं असो, लाइनवर त्याचा एकच अर्थ लावला जाईल. म्हणून पुढचे दोनतीन महिने त्याच्या ड्युटीत बदल करताना कारण वहीत लिहा आणि त्यालाही सांगा.

कंत्राटी माणसांबद्दल दोन शब्द, कारण तुमची निम्मी माणसं ती आहेत. "तुझ्या कॉन्ट्रॅक्टरला विचार" हे उत्तर कायद्यानेही अर्धवट आहे: कंत्राटदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाला द्यावा लागतो. तेव्हा त्यांचंही म्हणणं त्याच वहीत, तशाच तारखेसह लिहा आणि एचआरमार्फत कंत्राटदाराकडे पाठवा. ओडिशा, बिहार, उत्तर कर्नाटकातल्या मुलांना भाषेची अडचण असेल तर दुभाषा म्हणून मुकादमाला बोलावू नका. बहुतेक वेळा तक्रार त्याच्याच बद्दल असते.

कुणी तुमच्याबद्दलच तक्रार घेऊन आलं तर तुम्ही तिचा निवाडा करू नका. विभागप्रमुखांकडे स्वतः घेऊन जा. दहा जण एकदम आले तर दोघातिघांना बोलू द्या, पण म्हणणं सगळ्यांचं ऐका. युनियनकडे आधी गेला म्हणून कुणाला टोमणा मारू नका, तो त्याचा हक्क आहे. आणि जुने दोस्त खांद्यावर हात टाकून "आमचं तेवढं बघ" म्हणतील, तेव्हा त्यांचंही वहीत लिहा, इतरांसारखंच. आठवड्याभरात त्यांना सवय होईल.

राहिले तुमचे मॅनेजर. त्यांच्याकडे "काय करू?" विचारायला जाऊ नका. एक पान घेऊन जा: शिफ्टची अदलाबदल, कामाचं वाटप, एक दिवसाची रजा मी ठरवीन, पगार आणि दंडाचं एचआर, मी ४८ तासांत त्यांच्याकडे पोचवीन आणि त्यांनी मला तारीख द्यायची, लैंगिक छळाची गोष्ट त्याच दिवशी अंतर्गत समितीच्या अध्यक्षांकडे, अपघात आणि मारामारीची त्याच दिवशी वर. त्यावर त्यांची सही घ्या आणि एक प्रत एचआरला द्या. सही द्यायला त्यांनी टाळाटाळ केली तर त्याच मजकुराचा मेल करा आणि त्यात लिहा की हरकत कळवली नाहीत तर सोमवारपासून मी असंच वागणार आहे.